दगडावरचे नाव, तोंडातले नाव



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्यांच्या वर्गात मी बसलो आहे. त्यांची निम्मी नोकरी लातूर भागात झाली, निम्मी नांदेडकडे. आठवीच्या पहिल्या तासाला ते हजेरी घेत, तेव्हा मुलाने "हजर" म्हटले की विचारत, "गाव कोणतं?" मुलगा गाव सांगे. मग पुढचा प्रश्न यायचा, "त्याला तसं का म्हणतेत?" इथे सगळा वर्ग गप्प. एखादा धीट मुलगा म्हणे, "सर, असंच म्हणतेत." सर हसत आणि सांगत, "असंच कुणी काही म्हणत नसतं. आजीला विचारून ये, आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहून आण."

आम्ही आजीला विचारले. कुणाच्या आजीने देवाची गोष्ट सांगितली, कुणाच्या आजीने दोन भावांच्या भांडणाची. एकीने तर "आधी चुलीला सरपण आण" म्हणून पिटाळले. पण ती पाने भरली. माझ्या वहीचे ते पान पुढे माझ्या अभ्यासाचा विषय झाले. म्हणून आज, सरांच्या नावाने बोलताना, मी त्यांचाच दुसरा प्रश्न घेऊन उभा आहे. आपल्या गावांना आपण जे म्हणतो, ते तसे का म्हणतो?

सुरुवात नांदेडपासून करू. नांदेडच्या नावाची गोष्ट इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. शिवाच्या नंदीने गोदावरीच्या तटावर तप केले, म्हणून नंदीतट, आणि नंदीतटाचे नांदेड. दुसरी गोष्ट सांगते की नऊ नंद राजांचा इथे डेरा पडला होता. नवनंद डेरा, त्याचे नांदेड. दोन्ही गोष्टी श्रद्धेने सांगितल्या जातात आणि ऐकायला गोड आहेत. पण गोष्ट ऐकून झाल्यावर सरांचा विद्यार्थी आणखी एक प्रश्न विचारतो. हे नाव सगळ्यांत आधी कुठे लिहिलेले सापडते?

१९३९ साली वाशीमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. इसवी सनाच्या चौथ्या शतकातला हा दानलेख. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचे वाचन प्रसिद्ध करण्यात मोलाचा वाटा उचलला. दान दिलेले गाव कुठे आहे हे सांगताना त्या लेखात प्राकृतात म्हटले आहे की ते नांदीकडाच्या उत्तर मार्गावर आहे. नांदीकड म्हणजे आपले नांदेड, असे मिराशींनी ओळखले.

हे रूप जरा जिभेवर घोळवून बघा. नांदीकड. मधला 'क' प्राकृतात सहज विरघळतो. नांदीअड होते. 'ई' आणि 'अ' एकमेकांत मिसळले की उरते नांदेड. सोळाशे वर्षांचा हा प्रवास, आणि त्यात एकाही अक्षराने उडी मारलेली नाही. नवनंदांच्या डेऱ्याला मात्र या वाटेवर जागा मिळत नाही, कारण चौथ्या शतकातल्या नावात 'डेरा' कुठेच नाही.

आणि 'कड' म्हणजे काय? त्याचा अर्थ शोधायला मला कोश उघडावा लागत नाही. आपण आजही म्हणतो, रस्त्याच्या कडेला, नदीच्या कडेने. उंचावरून तुटलेला तो कडा. संस्कृत पंडिताने जेव्हा 'तट' लिहिले, तेव्हा त्याने लोकांच्या 'कडे'लाच सोवळे नेसवले, असे मला वाटते. तट आणि कड, दोघांचेही बोट एकाच ठिकाणी जाते: गोदावरीचा काठ. नंदीची कथा नंतर आली असो वा आधी, नदीचा काठ तेवढा दोन्हीकडे पक्का आहे. लोककथेने व्युत्पत्ती चुकवली असेल, पण जागा चुकवली नाही.

याच काठावर ७ ऑक्टोबर १७०८ रोजी गुरू गोविंदसिंग ज्योतीज्योत समावले. त्यापूर्वी त्यांनी गुरू ग्रंथसाहिबाला गुरुपद दिले. शीख परंपरेत हे गाव अबचलनगर झाले. अबचल म्हणजे अविचल, न ढळणारे. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात इथे गुरुद्वारा उभारला. आज रेल्वे स्थानकाच्या पाटीवर 'हुजूर साहिब नांदेड' अशी दोन नावे शेजारी शेजारी नांदतात. अमृतसरहून सचखंड एक्स्प्रेसने उतरणाऱ्या म्हाताऱ्या आईला पहिले नाव पुरते, आणि मुदखेडच्या भाजीवाल्या मावशीला दुसरे. आणखी एक गोष्ट. १९९७ साली महानगरपालिका झाली तेव्हा तिचे नाव 'नांदेड वाघाळा' असे ठेवले गेले. वाघाळा हे शेजारचे लहान गाव. मोठ्या शहराच्या पोटात जाताना ते आपले नाव सोबत घेऊन गेले, याचा मला आनंद वाटतो. पुष्कळ गावांच्या नशिबी तेवढेही नसते.

आता लातूरकडे जाऊ. लातूरची जुनी ओळख शोधायला लातूर सोडून कर्नाटकात जावे लागते. निलगुंद आणि सिरूर येथील इ. स. ८६६ च्या शिलालेखांत राष्ट्रकूट सम्राट पहिला अमोघवर्ष याच्या बिरुदांमध्ये एक बिरुद आहे: लट्टलूरपुरवराधीश्वर. लट्टलूर नावाच्या श्रेष्ठ नगराचा स्वामी. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे मळखेड. साम्राज्य नर्मदेपासून दक्षिणेत दूरवर पसरलेले. तरी हा राजा स्वतःला मळखेडचा म्हणवत नाही, लट्टलूरचा म्हणवतो. पुढे सौंदत्तीच्या रट्ट घराण्यानेही तेच बिरुद थोड्या वेगळ्या उच्चाराने, लत्तनूर असे, मिरवले. इंग्रज संशोधक फ्लीट यांनी हे नगर आधी छत्तीसगडातल्या रतनपुरात शोधले. नंतर ते लातूर हेच असल्याचे मान्य केले.

या लांबलचक संस्कृत बिरुदाकडे पाहून मला आपल्या आडनावांची आठवण येते. आपले गाव सोडून पुण्या-मुंबईत तीन पिढ्या काढलेले कुटुंबही पाटीवर लातूरकर, उदगीरकर, कंधारकर लिहिते. गावात आता घर नसते, शेत नसते, पण 'कर' असतो. लट्टलूरपुरवराधीश्वर म्हणजे नवव्या शतकातला 'लातूरकर'. घराणे जिथून निघाले, त्या मातीचे नाव सम्राटालाही टाकवले नाही. लातूरच्या पापविनाशक मंदिरातला चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या काळातला शिलालेख सांगतो की इथे पाचशे विद्वान राहत होते. बाराव्या शतकातली ही नोंद. शिक्षणाचे गाव म्हणून लातूरची ओळख काही काल-परवाची नाही.

लट्टलूर या शब्दाच्या शेवटी 'ऊर' आहे. कन्नड आणि तेलुगू, दोन्ही भाषांत ऊर म्हणजे गाव. त्याला लेखकाने पुन्हा 'पुर' जोडले. म्हणजे गावाला गाव जोडले. याचा अर्थ असा की नवव्या शतकातच 'ऊर' नावात इतका मुरला होता, की त्याचा वेगळा अर्थ लिहिणाऱ्याला जाणवत नव्हता.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. न्यूझीलंडमधले माओरी लोक तळ्याला 'रोतो' म्हणतात आणि 'रुआ' म्हणजे दोन, दुसरे. इहेंगा नावाच्या त्यांच्या पूर्वजाला फिरताना दुसरे मोठे तळे सापडले, म्हणून रोतोरुआ. पूर्ण नावात त्याच्या काकाचेही नाव आहे. सापडलेल्या तळ्याला त्याने काकाच्या मानासाठी ते नाव दिले. पुढे इंग्रज आले आणि नकाशावर लिहिले 'लेक रोतोरुआ'. तळ्याला तळे जोडले. लट्टलूरपुर लिहिणारा आणि लेक रोतोरुआ लिहिणारा यांच्यात हजार वर्षांचे आणि अर्ध्या पृथ्वीचे अंतर आहे. पण दोघांनी एकच काम केले. दुसऱ्या भाषेचे नाव त्यांनी आपल्या भाषेच्या दारातून घरात घेतले, आणि ओळख पटावी म्हणून त्यावर आपला एक शब्द लावला.

ऊर हा शब्द आपल्याला देगलूरला घेऊन जातो. संस्कृतात देवकुल म्हणजे देवाचे घर. प्राकृतात त्याचे देउल झाले आणि मराठीत देऊळ. तोच शब्द कन्नडमध्ये देगुल झाला. देगुल आणि ऊर मिळून देगलूर. म्हणजे बुलढाण्याचे देऊळगाव आणि नांदेडचे देगलूर ही सख्खी भावंडे. एक मराठी घरात वाढले, दुसरे कन्नड घरात, आणि दोघांच्या कपाळावर एकच गोंदण आहे. मंदिरस्थापत्य आणि मूर्तिशास्त्राचे थोर अभ्यासक डॉ. गो. बं. देगलूरकर यांनी आयुष्य देवळे वाचण्यात घालवले. त्यांच्या आडनावातच देऊळ आहे, हे मला फार सुंदर वाटते.

देगलूर तालुक्यातच होट्टल आहे. चालुक्यांच्या काळातल्या देवळांसाठी ते प्रसिद्ध आहे. त्याचे जुने नाव पोट्टल. आता 'प'चा 'ह' कसा झाला? कुणा गावकऱ्याने चुकीचे ऐकले म्हणून झाला नाही. जुन्या कन्नडमधला शब्दारंभीचा 'प' पुढे सर्वत्र 'ह' झाला. दूध म्हणजे पालु, त्याचे झाले हालु. फूल म्हणजे पूवु, त्याचे हूवु. दहाला पत्तु म्हणत, आता हत्तु म्हणतात. पोट्टलही त्याच वाटेने होट्टल झाले. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. हा बदल घडत होता तेव्हा या गावात कन्नड जिभेवर खेळत होती. नावात झालेला एका अक्षराचा बदल सांगतो की इथल्या आया आपल्या लेकरांना कोणत्या भाषेत हाक मारत होत्या. दगडाच्या शिलालेखाने राजाची भाषा कळते. नावातल्या बदलाने आईची भाषा कळते.

मग सगळे ऊर कन्नडच म्हणायचे का? इथे सरांनी आम्हाला घाई करू दिली नसती. माहूर घ्या. रेणुकामातेचे आणि दत्तप्रभूंचे माहूर. त्याचे जुने नाव मातापूर. महानुभाव पंथालाही ते क्षेत्र प्रिय. मातापूरमधला 'त' गेला, 'प' गेला, मोकळ्या जागेत 'ह' येऊन बसला, आणि माहूर उरले. म्हणजे इथला ऊर हा पुराचाच झिजलेला तुकडा. लातूर आणि माहूर यांची शेवटची अक्षरे सारखी, पण आई-बाप वेगळे. साम्य दिसले की नाते जोडण्याची आपल्याला सवय असते. कंधारचे नाव घेतले की कुणीतरी अफगाणिस्तानातल्या कंदाहारची आठवण काढतोच. पण आपले कंधार राष्ट्रकूटांचे कंधारपूर आहे. जगत्तुंगसमुद्र नावाचा तलाव तिथे राष्ट्रकूटांनीच बांधला. कृष्ण या राजनामाची दक्षिणेत कन्नर, कान्हर, कंधर अशी रूपे आढळतात. देवगिरीच्या यादव कृष्णालाही ती लावली गेली. कंधारचे मूळ शोधायचे तर या वाटेने शोधावे, खैबरखिंडीतून जाऊ नये.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावांच्या नावांत इतिहास शोधायला शिकवले. मिराशींनी ताम्रपटांतली गावे नकाशावर उतरवली. डॉ. श्रीनिवास रित्ती आणि प्रा. गो. चिं. शेळके यांनी नांदेड जिल्ह्यातले शिलालेख एकत्र केले आणि नांदेडच्या यशवंत महाविद्यालयाने १९६८ साली ते ग्रंथरूपाने छापले. एका जिल्ह्याच्या महाविद्यालयाने आपल्याच जिल्ह्याचे दगड वाचावेत, यापेक्षा मोठे विद्यादान कोणते? आणि त्या सगळ्यांच्या आधी महानुभावांची 'स्थानपोथी' आहे. चक्रधरस्वामी कुठे बसले, कुठे जेवले, ते ठिकाण गावाच्या कोणत्या दिशेला, कोणत्या देवळाजवळ, हे त्यात बारकाईने टिपले आहे. ज्या जागेवर प्रेम आहे, तिचे नाव आणि तिची दिशा चुकू नये, एवढ्याच ओढीने ती पोथी लिहिली गेली.

आता एका अवघड भागाकडे वळतो. नावे झिजतात तशी ती हुकमानेही बदलली जातात. मलिक अंबरने औसा घेतला आणि त्याचे नाव अंबरापूर केले. पुढे त्याचे अमरापूरही झाले. पण लोकांनी औसा सोडले नाही. आजही आपण औशालाच जातो. अहमदपूरचे जुने नाव राजूर. नांदेडचे हिमायतनगर हे मूळचे वाढोणा. तिथल्या परमेश्वराच्या देवळामुळे वाढोणा हे नाव भाविकांच्या तोंडी अजून जिवंत आहे. काही हुकूम टिकले, काही टिकले नाहीत. ते कशावर ठरले? राजाच्या बळावर नव्हे. बाजाराला जाणाऱ्या बाईने कोणते नाव घेतले, यावर ठरले.

आणि काही परकी वाटणारी नावे इतकी आपली झाली की त्यांचे परकेपण विचारूनही आठवत नाही. आपल्या गावांपुढे लागणारे बुद्रुक आणि खुर्द हे फारसी शब्द. बुजुर्ग म्हणजे थोरला, खुर्द म्हणजे धाकटा. ते काढून टाका म्हणून कुणी मोर्चा काढला नाही, कारण त्यांच्यावाचून पत्र नेमके कोणत्या गावात पोहोचवायचे, हे पोस्टमनला कळणार नाही. तांड्यांची नावेही अशीच घडली. नायकाच्या नावाने तांडा ओळखला गेला. तो माणूस जाऊन किती काळ लोटला, तरी तांडा त्याचेच नाव सांगतो.

पण एका नावासाठी आपल्या याच मातीत माणसे मारली गेली, हे आज या व्यासपीठावरून सांगितले नाही तर माझे व्याख्यान खोटे ठरेल. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. त्यानंतर सोळा वर्षे लढा चालला. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडात गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. ज्यांनी हे नाव मागितले, ते पाटीवरचे एक नाव मागत नव्हते. या प्रदेशाच्या ज्ञानावर आमचाही हक्क आहे, तो हक्क तुमच्या तोंडून ऐकायचा आहे, असे ते म्हणत होते. त्यांना नाव मिळायला सोळा वर्षे लागली, याची लाज आपण सगळ्यांनी वाटून घ्यायला हवी.

त्याच न्यायाने डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. जुन्या नावांचा मी अभ्यासक. तरीही हा निर्णय मला योग्य वाटतो. ज्या नावाची हाक ऐकली की माणसाची मान खाली जाते, ते नाव इतिहासाच्या वहीत लिहून ठेवावे; पाटीवर आणि पत्त्यात ठेवू नये. नाव जपायचे ते त्या जागी राहणाऱ्या माणसासाठी. त्यालाच ते दुखवत असेल, तर जपणार तरी कुणासाठी?

माओरी लोकांनाही आपली नावे परत मिळवायला झगडावे लागले. त्यांच्या सर्वांत उंच शिखराचे नाव आओराकी. इंग्रजांनी त्याला कप्तान कुकचे नाव दिले. १९९८ साली दक्षिण बेटावरच्या न्गाई ताहू जमातीशी सरकारने कायद्याने समेट केला, आणि तेव्हापासून त्या शिखराला अधिकृतपणे दोन्ही नावे आहेत, आओराकी आधी. व्हांगानुई नावाच्या एका शहराच्या इंग्रजी लेखनातून 'एच' हे एक अक्षर गळून गेले होते. 'व्हांगा' म्हणजे खाडी आणि 'नुई' म्हणजे मोठी. त्या एका अक्षरावाचून अर्थच हरवतो, असे नदीकाठच्या लोकांनी वर्षानुवर्षे सांगितले. २००९ साली सरकारने 'एच'सह लेखनालाही मान्यता दिली. एका अक्षरासाठी इतकी हुज्जत कशाला, असे आपल्याला वाटेल. पण निजामाच्या काळात इंग्रजी कागदांत आपले नांदेड 'नांदेर' म्हणून छापले जात होते, हे आठवा. लिहिणाऱ्याच्या हाती आपले नाव सोडून दिले की ते असे घसरते.

आता किल्लारीविषयी बोलतो, आणि हळू बोलतो. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. अधिकृत आकड्यानुसारच सुमारे ८ हजार माणसे गेली. माती-दगडांच्या जाड भिंती आणि वर धाब्याचे जड छत. झोपलेल्या माणसाला हालायलाही वेळ मिळाला नाही. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली.

जागा नवी, घरे नवी, आखीव सरळ रस्ते. पण गावाने नाव जुनेच घेतले. उरलेल्या माणसांनी पोटाशी धरून जे काही सोबत आणले, त्यात गावाचे नाव होते. जुन्या जागेला लोक 'जुनं गाव' म्हणू लागले. मी तिथल्या एका आजोबांना विचारले होते की नवीन गावात काय चुकल्यासारखे वाटते. ते म्हणाले, "गावाचं नाव आलं बाबा. पण गल्ल्यांची नावं तिकडंच राहिली." त्या वाक्याने मी हललो. वेस, पार, अमक्याचा वाडा, तमक्याचा बोळ, ही नावे कुठल्याही आराखड्यात नव्हती. ती फक्त चालणाऱ्यांच्या पायांत आणि बोलणाऱ्यांच्या तोंडात होती. नव्या सरळ रस्त्यांना ती चिकटली नाहीत.

पॅसिफिक महासागर ओलांडून होड्यांतून न्यूझीलंडला आलेल्या माओरी पूर्वजांनीही असेच केले होते. रारोटोंगा बेटावर इकुरांगी नावाचा डोंगर आहे. न्यूझीलंडला पोहोचल्यावर तिथल्या डोंगराला त्यांनी हिकुरांगी म्हटले. समुद्र ओलांडताना डोंगर आणता येत नाही, नाव आणता येते. किल्लारीच्या माणसांनी काही मैलांवरच्या माळावर तेच केले. हरवलेल्या घराचे नाव नव्या जमिनीला देणे, ही माणसाची फार जुनी रीत आहे.

आता मी माझ्या शेवटच्या, आणि मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या मुद्द्याकडे येतो. गावांची नावे ताम्रपटांत आहेत, शिलालेखांत आहेत, पोथ्यांत आहेत, गॅझेटियरमध्ये आहेत. त्यांना आता धोका कमी. धोका आहे तो त्याहून लहान नावांना. आपल्या शेतांच्या नावांना.

माझे गाव उदगीर तालुक्यात. आमच्या घरात शेताला गट नंबराने कधी कुणी हाक मारली नाही. एक होते लिंबाचं, एक वड्याचं, एक खारीचं, एक मठाचं. मठ नव्हता. एकाला सगळे तळ्याचं म्हणत, आणि तिथे तळ्याचा मागमूस नव्हता. एका दुष्काळी साली वडिलांनी विहीर खोदायची ठरवली. पाणाड्याने दोन जागा दाखवल्या. आजोबा दोन्हीकडे गेले, पाहून आले, आणि एवढेच म्हणाले, "तळ्याचं हाय की." विहीर तिथे खोदली. खाली गाळाची काळी माती लागली, आणि मग पाणी. माझ्या पणज्याने कधीतरी पाहिलेले तळे मातीत बुजून गेले होते, पण नावाने ते धरून ठेवले होते. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. विहिरीच्या काठावर बसून मला पहिल्यांदा कळले की सर आम्हाला आजीकडे का पाठवत होते.

आज सातबारावर गट क्रमांक असतो. जमिनीचे व्यवहार त्यानेच होतात, आणि ते योग्यच आहे. पण शेत वाटले जाते, विकले जाते, रस्त्यात जाते, प्लॉट पडतात. मुले पुण्याला जातात. मुलाला गट क्रमांक माहीत असतो, नाव नसते. बरड, खारी, चोपण, गायरान, इनामाचं, पाटलाचं, आंब्याचं, काळ्या पाण्याचं. या एकेका नावात मातीचा पोत आहे, पाण्याची जागा आहे, कोणे काळी कोणाला मिळालेल्या इनामाची आठवण आहे, तोडलेल्या झाडाची सावली आहे. हे सगळे कुठल्याही शिलालेखात सापडणार नाही. ते एकाच पिढीच्या तोंडात उरले आहे, आणि ती पिढी आता ओसरीवर बसून आहे.

न्गाई ताहू जमातीने काय केले ते सांगतो, कारण ते आपल्यालाही करता येईल. त्यांनी आपल्या वृद्धांच्या आठवणी, जुनी हस्तलिखिते, जुने नकाशे एकत्र केले आणि दक्षिण बेटावरच्या हजाराहून अधिक मूळ नावांचा नकाशा तयार केला. त्याचे नाव का हुरू मानू. २०१७ साली तो सर्वांसाठी खुला झाला. ओढे, टेकड्या, वाटा, मासे धरायच्या जागा, सगळ्यांना त्यात स्थान आहे. हे काम कुठल्या बाहेरच्या पंडिताने त्यांच्यासाठी केले नाही. त्यांनी स्वतः केले, आणि आपल्या लोकांना विचारून केले.

नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, लातुरात आणि तालुक्यांच्या गावांत महाविद्यालये आहेत, प्रत्येक गावात शाळा आहे. एका शाळेने एका गावाच्या शिवाराचा नकाशा काढावा, मुलांनी घरोघरी जाऊन प्रत्येक शेताचे, वाटेचे, ओढ्याचे, पाणवठ्याचे नाव विचारावे, आणि सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहून घ्यावे. उच्चार सुधारू नये. "म्हणतेत" असेल तर "म्हणतात" करू नये. नांदीकड लिहिणाऱ्याने प्राकृत सुधारून संस्कृत केले असते, तर आज आपल्याला नांदेडची वाट सापडली नसती. मराठीत सांगितले तर मराठीत घ्यावे, लमाणीत सांगितले तर लमाणीत, तेलुगूत सांगितले तर तेलुगूत, किनवटच्या डोंगरात गोंडी-कोलामीत सांगितले तर त्या भाषेत. या दोन जिल्ह्यांची नावे कधीच एका भाषेची नव्हती. ती एका भाषेत ओतायला गेलो, तर निम्मे सांडेल.

मित्रहो, नाव कुणा एकाच्या मालकीचे नसते. वाकाटकांच्या लेखकाने ते लिहिले, गोदावरीकाठच्या कोळ्याने ते बोलून गुळगुळीत केले, शिखांनी त्याला अविचल म्हटले, भूकंपातून वाचलेल्याने ते कडेवर घेऊन नव्या जागी आणले. राजा नाव देतो, पण ते टिकवतो तो हाक मारणारा. म्हणून दगडावरचे नाव वाचायला शिकू या, आणि तोंडातले नाव ऐकायला विसरू नये. दगड आणखी हजार वर्षे थांबतील. तोंडे थांबणार नाहीत.

सरांची आठवीच्या वर्गातली ती रीत मी माझ्या नोकरीत पुढे चालवली. गाव विचारले, गावाच्या नावाचे कारण विचारले. आज जाताना त्यात एक प्रश्न वाढवून तुमच्याकडे सोपवतो. आज रात्री घरी गेल्यावर, घरातले सर्वांत म्हातारे माणूस जागे असेल तर त्याच्यापाशी बसा. गाव माहीत आहे, गट नंबर माहीत आहे. विचारा, "आपल्या शेताला काय म्हणतेत? आणि तसं का म्हणतेत?"

आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.